दारातल्या हिरवळीची खरी हकिगत

प्रिय नातवंडांनो,

थोरलीचं पत्र परवा मिळालं. तिकडच्या तुमच्या नव्या घरापुढे उताराची जागा आहे, तिथे गवत धरत नाही, तेव्हा जमिनीलगत पसरणारं आणि बाराही महिने हिरवं राहणारं काय लावावं, असं तिने विचारलं आहे. प्रश्न चांगला आहे आणि उत्तर देण्याइतका अनुभव माझ्याजवळ आहे. पण त्याच पत्राच्या शेवटी तिने गमतीने लिहिलं आहे, "फक्त मुनिमहाराजांना परत पाठवणारं झाड सांगू नकोस हं, आजी!" ते वाचून मी चष्मा काढून ठेवला आणि संध्याकाळपर्यंत पत्राला हात लावला नाही.

म्हणजे ती गोष्ट समुद्रापलीकडेही पोचली. इंग्रजी शिकलेल्या सुनेने हौसेने दारात साहेबी बगीचा केला, म्हणून मुनी दारातून परतले आणि सासूची इच्छा राहून गेली. पन्नास वर्षं लग्नकार्यांत मी ही गोष्ट ऐकते आहे. सांगणारे हसतात, ऐकणारे हसतात, आणि मी पंगतीत वाढत असते. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे. माझ्यामागे हीच गोष्ट खरी ठरणार. ती खोटी आहे. म्हणून आत्ता लिहिते, आणि घडलं त्या क्रमाने लिहिते.

माझं माहेर बेळगावचं. वडील कचेरीत नोकरीला होते आणि मुलीने मॅट्रिक व्हावं असा त्यांचा हट्ट होता. मी झाले. लग्न होऊन आले ती निपाणी आणि बोरगावच्या मधल्या गावात, आपल्याच जैन माणसांत. घरची शेती होती आणि तंबाखूचा व्यापार होता. इंग्रजांचं राज्य जायला अजून दहा-बारा वर्षं होती. घर उंचवट्यावर, पुढच्या दारापासून रस्त्यापर्यंत तीस-पस्तीस हात तांबड्या मुरमाचा उतार. मागच्या दाराला तंबाखूची वखार आणि गाडीवाट.

दर पावसाळ्यात हा उतार वाहून रस्त्यावर जाई. माझ्या तिसऱ्या पावसाळ्यात जोत्याचे खालचे दगड उघडे पडले. तेव्हा मामंजी म्हणाले, "सूनबाई, तू शिकलेली हाईस. हितं असं कायतरी लाव की माती धरंल आणि दिसायलाबी बरं दिसंल. बेळगावात कॅम्पातल्या सायबांच्या बंगल्यांपुढं असतंय तसं."

म्हणजे सुरुवात त्यांनी केली. हे पहिलं लक्षात ठेवा.

मी शाळेत शिकले होते तशीच या कामाला लागले. परसात विहिरीच्या बाजूला दोन-दोन हातांचे सहा वाफे केले आणि प्रत्येकात एक झाड लावलं. वहीत रेघा आखल्या. किती उंच गेलं, किती पसरलं, चैत्रात हिरवं राहिलं का, पावसात कुजलं का, शेळीने तोंड लावलं का, हे दर रविवारी पट्टी घेऊन टिपायचं. माझी नणंद तेव्हा माहेरी आली होती. ती कट्ट्यावर बसून मला बघे.

"वैनी पट्टीनं झाडं मोजतीया," ती आतल्या बायकांना ओरडून सांगे. "उद्या आमचीबी उंची लिवून घेईल वहीत. आक्का, नीट हुबी ऱ्हा गं!"

हरळी सगळ्यांत आधी बाद झाली. ती बाद केली वखारीत तंबाखूची पानं निवडायला येणाऱ्या एका म्हातारीने. माझा वाफा बघून तिने कपाळावर हात मारला. "अवं वैनी, शेतातली हराळी काढून काढून माझी कंबर मोडली, आणि तुमी ती दारात पेरताय व्हय? मालकांनी बघितलं तर हाकलून देतील की मला, मीच आणली म्हणून!" शिवाय हरळी फाल्गुनातच पिवळी पडली होती. पानओवा वासाला छान, पण खालून काष्ठ होऊन उघडा पडे आणि मुसळधार पावसात कुजे. चिनी गुलाब फुलला की डोळे निवत, पण पहिल्या आषाढात तो नाहीसा झाला. लाजाळूला काटे. पिवळा माका चांगला, मात्र त्याला ओल लागे. सहावा वाफा त्याच म्हातारीने आणून दिलेल्या वेलीचा होता.

"ही काय आहे?" मी विचारलं.

"नावबिव ठावं न्हाय. वड्याकाठचं हाय. म्हशी तुडवत्यात, पूर येतोय, ऊन पडतंय, तरी मरत न्हाय. आमच्यागतच."

पुढे पुस्तकात पाहून मला कळलं की ती जलपिंपळी. बोटभर उंच, जमिनीला चिकटून धावणारी, प्रत्येक पेराला मूळ सोडणारी, आणि वर मिरीएवढी पांढुरकी फुलं. वैशाखात, सगळं रान करपलेलं असताना, तो एक वाफा हिरवा होता. शेळीने एकदा हुंगून सोडून दिला. दीड वर्षाच्या नोंदींनंतर मी ठरवलं, मुख्य उतारावर ही वेल आणि न्हाणीचं पाणी झिरपतं त्या कडेला पिवळा माका.

थोरले, झाडाबद्दलचं तुझं उत्तर इथे संपलं. तुमच्याकडे बर्फ पडतो, तेव्हा तिथली झाडं वेगळी असतील, पण रीत हीच. एक वर्ष तरी थोड्या जागेत लावून बघ, दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नकोस. आणि झाड निवडायच्या आधी कागदावर एक गोष्ट आखून घे. घरातलं कोण कुठून चालतं ती. मी ती आखली होती. माझी सगळी तक्रार त्या कागदाबद्दलच आहे.

कारण आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जीवहिंसा होऊ नये म्हणून हिरव्यावर पाय ठेवत नसत. पुष्कळ जैन बायका पावसाळ्याचे चार महिने हा नेम पाळतात. आत्याबाईंनी तो, मुनी पाळतात तसा, बाराही महिन्यांसाठी घेतला होता. पाऊल टाकण्याआधी चार हात जमीन बघून चालायच्या. त्या फार बोलत नसत. त्यांची एकच इच्छा घरातल्या सगळ्यांना माहीत होती. आपल्या दारात एकदा मुनींना आहार द्यायचा. तुम्हाला तिकडे कुणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते. आपले मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. आमंत्रणावरून कुणाकडे येत नाहीत. सकाळी गल्लीतून चालत निघतात, आणि ज्यांना आहार द्यायचा आहे ती माणसं धुतलेली वस्त्रं नेसून, हातात कलश घेऊन आपापल्या पुढच्या दारात उभी राहतात आणि "नमोस्तु, तिष्ठ, तिष्ठ" म्हणून थांबण्यासाठी विनवतात. ज्या दारी ते थांबतील ते दार. तेव्हा मुनींचा विहार आमच्या भागात वरचेवर होत नसे. आत्याबाई लग्न होऊन आल्यापासून दोनदा मुनी गावात आले होते आणि दोन्ही वेळा दुसऱ्या गल्लीने गेले होते. तरी त्यांनी एक पांढरं लुगडं आणि एक तांब्याचा कलश वेगळा ठेवलेला होता.

म्हणून माझ्या कागदावर दारापासून रस्त्यापर्यंत सहा हात रुंदीची मोकळी वाट होती. दगड बसवलेली, दोन्ही कडांना विटांची ओळ, म्हणजे वेल आत येणार नाही. मी तो कागद आधी आत्याबाईंना दाखवला. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण वाट त्यांनी बोटाने बरोबर ओळखली. "ही माजी व्हय?" एवढंच म्हणाल्या.

मृगानंतर आम्ही लावणी केली. दिवाळीपर्यंत वाटेच्या दोन्ही बाजूंचे उतार झाकले गेले आणि त्या पावसाळ्यात माती हलली नाही. मधली वाट तेवढी तांबडी होती, दगड यायचे होते. आणि तेवढ्यात मामंजी एका विलायती तंबाखू कंपनीच्या साहेबाला भेटायला बेळगावला गेले. परत आले ते डोक्यात बंगला घेऊनच.

"मधी ही तांबडी पट्टी कशाला ठेवलीयास? निम्मं डोस्कं भादरल्यागत दिसतंय. सायबाच्या फाटकापास्नं व्हरांड्यापतोर सलग हिरवं हाय. माघात सायेब माल बघाय येणार. सगळं झाकून टाक."

मी पदर सावरून म्हटलं, "मामंजी, ती वाट आहे. आत्याबाईंना हिरव्यावरून चालता येत नाही."

"मग मागल्या दारानं जाईल की ती. वखारीकडनं."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं आहे. ज्या बाईने त्या घरात चाळीस वर्षं काढली, तिने स्वतःच्या घरात मागच्या दाराने यायचं, कारण एका परक्या माणसाला हिरवं आवडतं! आणि तो माणूस यायचा होता एक दिवस. मी कागद आणून दाखवला. त्यांनी तो उलटा धरला आणि हसून म्हणाले, "इंग्रजी शिकलीस, पर सायबाचं मन काय तुला कळंना." तुमचे आजोबा तिथेच सोप्यात बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी वखारीतली दोन माणसं लावून वाट खणली आणि वेलीचे तुकडे टोचले. ती वेल मीच निवडलेली, तिचा गुण मलाच ठाऊक. दीड महिन्यात वाट दिसेनाशी झाली. त्या दिवसापासून आत्याबाई बस्तीत, म्हणजे आपल्या जैन मंदिरात, जाताना मागच्या दाराने, तंबाखूच्या धुळीतून, नाकाला पदर लावून जाऊ लागल्या. रस्ता गाठायला त्यांना घराला पूर्ण वळसा घालावा लागे.

साहेब माघात आला. त्याची मोटार गाडीवाटेने थेट वखारीपाशी गेली, कारण माल तिथे होता. त्याने पानं चुरगाळून हुंगली, चहाला नको म्हणाला आणि आल्या वाटेने गेला. पुढचं दार त्याने पाहिलंसुद्धा नाही. मामंजी नवा कोट घालून पुढच्या पायरीवर उभे होते, त्यांना मागे धावत जावं लागलं. मला हसू आलं नाही, इतकी मी चिडले होते. नणंद मात्र हसली. "आप्पा, सायेब आला मागल्या दारानं आणि आई जाती मागल्या दारानं. म्होरलं दार आता कुणासाठनं ठेवलंय?"

मग तरी वाट मोकळी करू द्या, असं मी म्हटलं. "असू दे गं, लोक बघायला येत्यात," असं उत्तर मिळालं. लोक खरंच येत. निपाणीहून पाव्हणे आले की मामंजी त्यांना पायरीवर उभं करून उतार दाखवत आणि म्हणत, "आमचीच कल्पना." तुम्ही हे शब्दही लक्षात ठेवा.

पुढच्या दिवाळीनंतर, चातुर्मास संपल्यावर, बोरगावकडून मुनी येत आहेत अशी वर्दी आली. या वेळी ते आमच्याच रस्त्याने येणार होते. आत्याबाईंनी पेटीतून लुगडं काढलं. मी खुरपं घेतलं आणि उताराकडे निघाले. अजून पूर्ण दिवस हातात होता, मी आणि ती वखारीतली म्हातारी मिळून वाट साफ झाली असती. आत्याबाईंनी पायरीवरूनच मला हाक मारली.

"काय करतीस?"

"वाट काढते. मुनी हिरव्यावरून येणार नाहीत."

"व्हय, येणार न्हाईत. पर त्यांच्यासाठनं एवढा जीव उपटायचा, आणि त्याच जाग्यावरनं त्यांस्नी 'या' म्हणायचं? त्ये घेतील व्हय असला आहार? ठेव ते खुरपं."

"मग फळ्या टाकते."

"फळीखाली काय हाय?"

मी खुरपं खाली ठेवलं. मागच्या दारात उभं राहून विनवावं म्हटलं, तर तिथे वखार, तंबाखूची धूळ. तिथे शुद्ध आहार कसा द्यायचा? साहेबासाठी झाकलेली वाट मुनींसाठी उघडता येत नव्हती. आमच्यासारख्या घरातच अशी अडचण होऊ शकते, आणि आमच्यासारख्या घराला ती आधी कळायला हवी होती. मला कळली होती. कागदावर होती.

सकाळी आत्याबाई पांढरं लुगडं नेसून कलश घेऊन पायरीवर उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे मी, नणंद, आणि एका बाजूला मामंजी आणि तुमचे आजोबा. रस्त्यावर दोन्हीकडे माणसं. मुनी हळूहळू आले, दृष्टी जमिनीवर. आत्याबाईंचा आवाज मी त्याआधी कधी एवढा मोठा ऐकला नव्हता. "नमोस्तु! तिष्ठ, तिष्ठ!" मुनी आमच्यासमोर थांबले. आमच्याकडे वळले. पाऊल उचलणार तोच त्यांची नजर वेलीच्या कडेला आली. ते तिथेच उभे राहिले, मला वाटतं, चार-पाच श्वास. मग वळून पुढे गेले. चौथ्या घरी त्यांचा आहार झाला.

मुनी सकाळी मनात काही विधी धरून निघतात आणि तो जुळला नाही तर परततात, कारण सांगत नाहीत. त्यामुळे कुणी म्हणेल, तुला काय माहीत ते कशामुळे परतले? मी त्या आडोशाला उभी राहणार नाही. मी त्यांची नजर पाहिली. ते वेलीमुळेच परतले.

पण मग रस्त्यावर कुजबुज सुरू झाली आणि कुणीतरी मोठ्याने विचारलं, "वाटंवर ही झाडं कुणी लावली हो?" मामंजींनी हात पसरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय करणार? इंग्रजी शिकलेली सून. हौस तिची."

मी काय करायला हवं होतं? त्या काळी सून चारचौघांत सासऱ्याला खोटं पाडत नसे. मी तुमच्या आजोबांकडे पाहिलं. त्यांना कागद माहीत होता, वाट माहीत होती, साहेब माहीत होता. ते खाली बघत होते.

आत्याबाईंनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मामंजींसमोर येऊन उभ्या राहिल्या. मी चूल सारवत होते, मला सगळं ऐकू आलं.

"वाट मोकळी करणार हाय मी. उपटणार न्हाय, हलवणार. सून आणि मी. कुणी मधी यायचं न्हाय."

"बरं बरं. पर लोकांत आता..."

"लोकांत तुमी काय बोल्ला ते ऐकलंय मी."

मामंजी वखारीत निघून गेले. आम्ही दोघी महिनाभर ते काम करत होतो. मी पेरापेराने वेल मातीसकट उचलायची, त्यांच्या हातातल्या बुट्टीत ठेवायची, आणि उताराच्या खालच्या अंगाला उघड्या जागेत परत लावायची. आत्याबाई आधी पायरीवरून, मग मोकळ्या झालेल्या जमिनीवरून, एकेक हात पुढे सरकत. एक पेरही आम्ही फेकलं नाही. मग दगड बसवले, विटा लावल्या.

त्या दिवसांत बस्तीत बायकांनी विषय काढला तेव्हा आत्याबाईंनी सरळ सांगितलं, "माझ्या सुनंनं वाट ठेवलीती. ती कुणी झाकली ते आमच्या घरातल्या बाप्यांना इचारा." कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर गावातल्या मोठ्या माणसाचं नाव घ्यावं लागलं असतं. सुनेचं घेणं सोपं होतं.

दोन वर्षांनी आत्याबाई वारल्या. त्या दोन वर्षांत मुनी आमच्या गावाकडे आले नाहीत. त्यांच्या हातून आहार झाला नाही तो नाहीच.

तुमचे आजोबा चांगले होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ही गोष्ट तुम्हा सगळ्यांना मांडीवर घेऊन, हसून हसून त्यांनीच सांगितली आहे. मी एकदा म्हटलं, "तुम्हाला खरं माहीत आहे." ते म्हणाले, "अगं, आता आप्पा न्हाईत, आई न्हाई. मेलेल्या माणसाला कशाला बोल लावायचा? तू हाईस, तू सोसशील." मी सोसलं. आता ते नाहीत, आणि मी सोसणं थांबवलं आहे. थोरले, हे पत्र धाकट्यांना मोठ्याने वाचून दाखव, आणि पुढच्या कार्यात कुणी ती गोष्ट काढली तर हसू नका.

मोठा रस्ता रुंद झाला तेव्हा डाव्या बाजूचा उतार गेला आणि वखार आता पाडली आहे. उजव्या उतारावर ती वेल आहे, यंदाच्या वैशाखातही हिरवी होती. दारापासून रस्त्यापर्यंतची सहा हात वाट अजून मोकळी आहे.